आमची वाटचाल: पीस गळतीने शिकवलेला धंदा

आठ वर्षांपूर्वी द्राक्षाचं एक पीक गारपिटीत गेलं आणि घरात रोजचा पैसा हवा म्हणून नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या मळ्यात आम्ही ६० गावरान तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, मध्येच खुडूक होऊन, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला, बसते. म्हणजे साठ कोंबड्यांमागे रोजची दहा-बारा अंडी. यजमान ती गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या घरांत पोचवायचे.

पहिली थंडी चांगली गेली. दुसऱ्या वर्षी दसरा झाला आणि खुराड्यात पिसांचा सडा पडू लागला. आधी डोकं-मान, मग पाठ, मग शेपूट. तुरे फिके पडले, अंडी दोन-तीनवर आली. मला वाटलं, मानमोडीचा रोग शिरला. घाबरून १८ कोंबड्या पडेल भावात व्यापाऱ्याला दिल्या. सासूबाई गावाहून आल्या आणि बघून म्हणाल्या, "अगं, आजारी कोंबडी अशी उकिरडा उकरते का? पीस टाकतायत त्या." उरलेल्या कोंबड्या संक्रांतीनंतर पुन्हा अंड्यावर आल्या, आणि अंडी आधीपेक्षा मोठी. त्या अठरा कोंबड्यांची हळहळ मला अजून आहे.

दिवस लहान होऊ लागले की कोंबडी जुनं पीस टाकते. अंडी भरपूर यायला चौदा-एक तास उजेड चांगला, आणि डिसेंबरात नाशिकचा दिवस ११ तासांचा. पीस म्हणजे बहुतेक प्रथिनच. ते नव्यानं उगवायचं तर अंड्यासाठी अंगात काही उरत नाही. दोन-तीन महिने जातात. बल्ब लावून अंडी चालू ठेवता येतात. आम्ही लावत नाही, तिला विसावा हवाच. त्या दिवसांत शेंगदाण्याची पेंड आणि सुकट वाढवतो. शिंपल्याची चुरी वेगळ्या भांड्यात, जिला लागेल ती खाईल.

अडचण अशी की श्रावणात अंडी पडून राहतात आणि थंडीत मागणी वाढते तेव्हाच ती आटतात. बाजारातली अंडी आणून आमची म्हणून द्या, असं एकानं सुचवलं होतं. ते आम्ही कधीच केलं नाही. दसऱ्यालाच गिऱ्हाइकांना सांगतो, आता निम्मीच मिळतील. काही घरं सुटली. जी राहिली ती आजही आहेत.

त्या दुसऱ्या वर्षीच्याच हिवाळ्यात एका रात्री सात कोंबड्या मेल्या. सगळ्यांनी मुंगसावर खापर फोडलं, पण मुंगूस दिवसाउजेडी फिरतो. ओल्या मातीत मांजरासारखे पण मोठे ठसे होते, रानमांजराचे. कोंबड्यांच्या नेहमीच्या षट्कोनी जाळीनं कोंबडी आत राहते एवढंच, ती फाडून शिकारी आत येतो. मग अर्ध्या इंची वेल्डेड जाळी घेतली, फूटभर जमिनीत गाडून खालची कड बाहेर वळवली, म्हणजे कुत्र्यालाही उकरता येत नाही. दाराला दोन कड्या. दिवसा घारीसाठी अंगणावर जुनं द्राक्षाचं नेट. ऊस जवळ आहे, बिबट्याचा वावर आहे, म्हणून दिवेलागणीला मोजून आत घेतो. मोजायचं काम सासूबाईंचं, आणि एक जरी कमी भरली तर त्या जेवत नाहीत.

आता दर वर्षी मार्च-एप्रिलात नवी पिल्लं वाढवतो. जुन्या कोंबड्या पीस टाकतात तोवर या तलंगा अंड्यावर येतात. परवाच एकीनं पहिलं अंडं दिलं, लिंबापेक्षा थोडं मोठं. यंदा थंडीत रोज आठ अंडी तरी निघतील.