सायगॉन ते दात मुई सायकलने: "सपाटच तर आहे" म्हणणाऱ्यांसाठी

"टेबलासारखा सपाट प्रदेश, दोन्ही बाजूंना माडांची सावली, जागोजागी शहाळी." मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातून व्हिएतनामच्या दक्षिण टोकापर्यंत, म्हणजे दात मुईपर्यंत, सायकलने जाऊन आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला असं सांगितलं होतं. ते डिसेंबरात गेले होते. मी एप्रिल २०२४ मध्ये गेलो. सपाट आहे हे खरं. बाकीच्या वर्णनासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

सामानासकट दिवसाला ८०-९० किलोमीटर जमतात आणि पंक्चर काढता येतं, अशांसाठीच हे लिहितोय. बारीक टायरची रेसिंग सायकल नेऊ नका. ३५ मिलिमीटरच्या खाली गेलात तर माझ्या नावाने बोटं मोडाल. आणि "सायकल कशाला, स्कूटर भाड्याने घेऊ" म्हणणाऱ्यांसाठी: आपल्याकडे आरटीओत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या रस्ते वाहतूक करारातला, व्हिएतनाम मानतं १९६८ चा. भाड्याने देणारा परवाना विचारतही नाही. पण अपघात झाला की विमा कंपनी नेमकं तेच विचारते.

सायगॉन (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) ते बेन चे, चा विन्ह आणि मग कान थो हे पहिले तीन दिवस मजेत गेले. सांगण्यासारखं काही नाही. छान आहे, जा. एकच गोष्ट. जुन्या प्रवासवर्णनांत पानोपानी फेरीबोटी असतात, त्या धरून वेळापत्रक आखू नका. २००९ ला राक म्येऊ, २०१० ला कान थो, २०१५ ला को च्येन असे मोठमोठे पूल एकापाठोपाठ झाले. सायकलवाल्याला सगळ्यात कठीण चढ याच पुलांचा. भर दुपारी कान थोच्या पुलावर चढताना मला खंबाटकी आठवला.

याच पुलांनी आणि रस्त्यांनी कान थोच्या 'काय रांग' इथला तरंगता बाजार खाल्ला, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. बांबूच्या टोकाला अननस नाहीतर भोपळा टांगायचा आणि नावेत काय विकायला आहे ते लांबून दाखवायचं, अशी तिथली पद्धत. २०१६ मध्ये या बाजाराला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. दर्जा मिळेपर्यंत माल ट्रकवर चढला होता. त्यात नदीकाठी काँक्रीटचा बंधारा आला आणि काठावरचे घाऊक व्यापारी नावांपासून तुटले. मी पहाटे साडेपाचला पोचलो तर मालाच्या नावा मोजक्या आणि त्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या नावा जास्त. धक्क्यावरच्या दलालाने दोन तासांचे नऊ लाख डाँग घेतले, म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये. शेजारच्या नावेतल्या सायगॉनच्या कुटुंबाने माणशी दीड लाख दिले होते. रागाच्या भरात शहाळ्यासाठी वीस हजारांची म्हणून पाच लाखांची नोट दिली. दोन्ही निळसर. बाईंनी ती परत केली, हे मुद्दाम लिहितो. तेव्हा, पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा आणि काय रांग वगळा. अगदीच जायचं असेल तर नाव आदल्या संध्याकाळी भाव करून ठरवा.

आता 'का माऊ', म्हणजे अगदी दक्षिणेचा प्रांत. खरं लिहायचंय ते याबद्दल.

कान थोच्या पुढे न्गा बायहून का माऊ शहरापर्यंत कालव्याच्या कडेने सरळसोट रस्ता आहे. कंटाळवाणा, पण ठीक. शेजारी कान थो–का माऊ द्रुतगती मार्गाचं काम चालू होतं. भरावासाठी वाळू कुठून आणायची याची त्या वर्षी सरकारलाच चिंता होती. वाळूने काठोकाठ भरलेले, पाण्यात बुडतील असे वाटणारे पडाव रोज दिसायचे. नदीतून वाळू काढली की पात्र खोल होतं, काठ ढासळतात आणि समुद्राचं खारं पाणी आणखी आत येतं. वरच्या धरणांत गाळ अडतो, त्यामुळे उपसलेली वाळू भरून निघत नाही. हे सगळं मी वाचून गेलो होतो. कागदावर समजणं आणि त्या रस्त्यावर सायकल ढकलणं यात फार फरक आहे.

का माऊ शहरातून पश्चिमेला सोंग डोक बंदरापर्यंत जायचं ठरवलं होतं. नकाशावर चान वान थोय जिल्ह्यातून कालव्यालगत सिमेंटची बारीक, सरळ वाट दिसत होती. सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे सकाळचं काम. लॉजवाल्याने अंगठा दाखवला, "रस्ता चांगला."

बाराव्या किलोमीटरला रस्ता संपला. अर्धा रस्ता कालव्यात जाऊन पडला होता, उरलेल्या अर्ध्यावर बांबू आणि लाल फडकं. कुणाच्या तरी अंगणातून, कोंबड्यांमधून सायकल ढकलत पुढे आलो, तर तीनशे मीटरवर पुन्हा तेच. मग मोजणं सोडलं. कालव्यात पाणी नव्हतंच. तळाला चिखलाच्या खपल्या आणि त्यात रुतून बसलेल्या नावा.

असं का होतं ते नंतर नीट कळलं. का माऊला मेकाँगचं पाणी जवळजवळ पोचतच नाही. गोड्या पाण्याचा हा पट्टा पावसावर जगतो. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून झडपा बंद असतात, त्यामुळे कालवा आटला की भरायला दुसरी सोय नाही. उन्हाने आणि भाताच्या पंपांनी कालवे कोरडे पडले. काठाला आतून पाण्याचा जो रेटा होता तो गेला आणि भुसभुशीत जमीन रस्त्यासकट घसरली. त्या हंगामात एकट्या या जिल्ह्यात शेकडो ठिकाणी असं झालं. भात पिकला होता, पण न्यायला नाव येईना आणि ट्रकला रस्ता नाही. मग व्यापारी म्हणेल तो भाव.

दुपारी दोनला माझं पाणी संपलं. चार लिटर घेऊन निघालो होतो. एका घरी पाणी मागितलं. ओसरीवर पावसाचं पाणी साठवायचे मोठे रांजण होते, एक सोडून सगळे रिकामे. आजीने तळातून वाटीने काढून माझी अर्धी बाटली भरली. फोनवरच्या भाषांतरातून कळलं की मुलगा आणि सून सायगॉनजवळच्या बिन्ह यूओंगच्या कारखान्यात, नातू इथे तिच्यापाशी. मला ती 'कॉन' म्हणत होती, म्हणजे लेकरू. मी ४८ वर्षांचा आहे. पैसे घेतले नाहीत. ते अर्धी बाटली पाणी मागायला नको होतं असं मला अजून वाटतं.

या भागात म्हातारे आणि पोरंच जास्त दिसतात. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत सगळ्या त्रिभुज प्रदेशाची लोकसंख्या जवळपास वाढलीच नाही, इतके लोक सायगॉनच्या बाजूला गेले. १९८६ च्या 'दोय मोय' या आर्थिक सुधारणांनंतर तीन वर्षांत तांदूळ आयात करणारा देश निर्यात करायला लागला, तो मुख्यतः याच शेतांच्या जिवावर. त्या शेतांतली मुलं आता बूट शिवतात.

सोंग डोकला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. नऊ तास. एका गुडघ्याची कातडी नव्हती.

मार्च-एप्रिलमध्ये हा रस्ता घेऊ नका. बस्स. जानेवारीपर्यंत कालव्यात पाणी असतं म्हणे, पण मला विचाराल तर हमरस्त्यानेच जा. लॉजवाल्याला विचारू नका. भात नेणाऱ्या ट्रकवाल्याला किंवा दुधाच्या डब्यांसारखे पाण्याचे डबे वाहणाऱ्या मोटरसायकलवाल्याला विचारा.

सोंग डोकहून परत शहरात आलो, हमरस्त्याने अर्थातच, आणि मग नाम कान–दात मुई. इथे चित्र उलटं. सगळीकडे पाणीच, आणि तेही खारं. २००० साली सरकारने भातशेती कोळंबीच्या तळ्यांत बदलायला परवानगी दिली. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी आधीच बांध फोडून खारं पाणी आत घेतलं होतं. आता तळ्यांत रात्रंदिवस पाणचक्क्या फिरतात, घरं दुमजली आहेत. आदल्या दिवशीची आजी आणि ही घरं यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर. कोळंबीवर रोग आला की अख्खं तळं हातचं जातं, असं तिथलेच लोक सांगतात.

नाम कानपासून टोकापर्यंत २०१६ आधी सलग रस्ता नव्हता, नावेनेच जावं लागे. आता गुळगुळीत डांबर आहे आणि कांदळवनातून जातो. युद्धात अमेरिकी विमानांनी फवारलेल्या विषाने हे जंगल गेलं होतं. नंतर लावलं, पुढे कोळंबीसाठी पुन्हा बरंच तोडलं, आता परत लावतायत. टोकाला शिडाच्या नावेचं स्मारक, सीमाशिळा, फोटोची रांग. पूर्वेकडून किनारा खचतोय आणि पश्चिमेला गाळ साचून जमीन वाढतेय, दोन्ही एकाच ठिकाणी उभं राहून कळतं. मी तिथे येड्यासारखा ओरडलो. एवढे हाल सोसून पोचलो होतो, कदाचित त्यामुळेच दात मुई मला इतकं आवडलं असेल, पण जाच.

राहण्याची चिंता करू नका. 'न्हा न्गी' पाटी दिसली की आत शिरा, दोन-अडीच लाख डाँग. दुपारी अकरा ते तीन सायकल चालवूच नका. रस्त्याकडेला झोळ्या टांगलेली कॉफीची दुकानं असतात. वीस हजारांची कॉफी घ्या आणि झोपा, कुणी उठवत नाही. शाकाहाऱ्यांनी 'कॉम चाय' शोधावं. चहाशी संबंध नाही, चाय म्हणजे शाकाहारी. रोख सुटे पैसे ठेवा. शहाळेवालीकडेही क्यूआर कोड असतो, पण मी गेलो तेव्हा तो आपल्या बँक खात्यावर चालत नव्हता.

परतीला पूर्वेचा वारा तोंडावर येतो, म्हणून का माऊहून झोपायची बस घेतली. सायकलचे तीन लाख मागितले, दीडवर तोडले, आणि सायगॉनला उतरताना "पुढचं चाक वेगळं" म्हणून आणखी पन्नास हजार घेतले. भाव चाकांसकट ठरवा. आणि नवा नकाशा घ्या: १ जुलै २०२५ पासून बाक ल्येऊ प्रांत का माऊत विलीन झालाय, चान वान थोय जिल्हाही कागदावरून गेला. रस्त्यावरच्या पाट्यांवर मात्र जुनी नावं भेटली तर गोंधळू नका.