रायफलवाल्यांच्या गर्दीत एक सोमवार

रिचमंड (अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी), २० जानेवारी २०२०.

आज मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. बायको नको नको म्हणत होती, तरी नव्या बंदूक कायद्यांविरुद्धचा मेळावा बघायला डाउनटाउनला जाऊन आलोच. थंडी मरणाची. कॅपिटलच्या, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या आवारात राज्यपाल नॉर्थम यांनी शस्त्रबंदी केलीय. त्यामुळे आत मेटल डिटेक्टरमधून गेलेले लोक, आणि कुंपणाबाहेर खांद्याला रायफली अडकवलेले हजारो. प्रत्येकाच्या छातीवर केशरी स्टिकर: 'बंदुका जीव वाचवतात'.

मागच्या मे महिन्यात व्हर्जिनिया बीचला एकाने १२ जणांना मारलं. नोव्हेंबरात विधिमंडळात डेमोक्रॅट बहुमताने निवडून आले. आता प्रत्येक विक्रीआधी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी आणि एका माणसाला महिन्याला एकच पिस्तूल विकत, ही विधेयकं गुरुवारी राज्याच्या सिनेटमध्ये मंजूर झाली. गंमत म्हणजे महिन्याला एकाचा नियम इथे १९९३ ते २०१२ होताच की! तेव्हा कुणाचं काय अडलं होतं?

एका आजोबांना विचारलं. मिशीवर दव, पाठीला रायफल, हातात कॉफी. म्हणाले, "आज एक मागतील, उद्या सगळ्या." मी सांगितलं, आमच्याकडे निवडणूक आली की परवानावाले बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतात. आजोबा माझ्याकडे बघतच राहिले.

"आणि परत देतात?"

देतात म्हटलं. विश्वास बसला नाही त्यांचा. पण माझे हात काकडलेले बघून खिशातलं हात गरम करायचं पाकीट मात्र काढून दिलं. अजून कोटात आहे, कोमट.