जुडी बांधणाऱ्या हातांना ट्रेनिंग कोण देणार?

सकाळी उठून बघते तर बाटलीतलं पाणी काळं. गढूळ नाही, काळं, चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखं. आदल्या दिवशी भरलं तेव्हा पिवळसर दिसत होतं, एका दिवसात त्याचं हे झालं. सासूबाई चहा गाळता गाळता थांबल्या आणि म्हणाल्या, "पानी कायं व्हई गयं वं माय, हाई कोठलं शे?" मी सांगितलं, आपल्याच वावरातल्या हौदातलं. ज्या हौदात आपण रोज संध्याकाळी मेथी बुडवतो ना, त्याच हौदातलं.

त्या छोट्या बाटलीला एच टू एस टेस्ट म्हणतात. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावून ठेवून द्यायचं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळं पडलं तर समजायचं की पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असणार, मग ती माणसाची असो की जनावराची. किती जंतू आणि कोणते ते ही बाटली सांगत नाही, त्याला लॅबच लागते, पण वावरात उभं राहून कळायला एवढं पुरे आहे. प्यायच्या पाण्याचा आपला भारतीय मानक नियम तर अजून कडक आहे, १०० मिली पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा एक जंतू, एकही सापडता कामा नये. आमच्या बाटलीचं तर बोलायलाच नको.

ज्यांच्या घरी भाजीपाला आहे त्यांना हे माहीतच असेल पण बाकीच्यांसाठी सांगते. मेथी, कोथिंबीर, पालक, पातीचा कांदा हे सगळं ऊन उतरल्यावर उपटतात, चार-पाच बाया बांधावर बसून जुड्या बांधतात, मग त्या जुड्या मुळाकडून हौदात खळखळ हलवायच्या म्हणजे माती निघते, मग ओलं गोणपाट अंथरून त्यावर थर लावायचे, वरून परत पाणी मारायचं की सकाळी मार्केटमध्ये पाला टवटवीत दिसला पाहिजे, आणि पहाटे छोटा हत्ती टेम्पो आला की चढवायचं. माल ताजा दिसावा म्हणून जे शेवटचं पाणी लागतं ना, तेच सगळ्यात घाण असतं. आमच्या हौदावर म्हशी पाणी पितात, बगळे बसतात, फवारणीचा पंपही कधीकधी तिथंच धुतला जायचा. महिनाभर ड्रिपनं बोअरचं चांगलं पाणी देऊन वाढवलेली मेथी शेवटच्या दहा मिनिटांत आपण त्या पाण्यात बुडवत होतो, वर्षानुवर्षं.

ही बाटली मला मिळाली भाजीपाला सुरक्षिततेच्या एका दोन दिवसांच्या ट्रेनिंगमधे. ट्रेनिंग खरंच चांगलं होतं, शिकवणारे मनापासून शिकवत होते. फक्त आम्ही अठरा जण होतो आणि त्यात बाया दोनच, एक मी आणि एक पारोळ्याकडच्या ताई. बाकी सगळे सातबारावर नाव असलेले भाऊ, नाना, आप्पा. त्यांच्यातल्या कोणीच जुडी बांधत नाही! फवारणी ते करतात, पाणी ते देतात, मार्केटला ते जातात, पण भाजीला शेवटचा हात लागतो तो मजूर बायांचा, आणि त्यातल्या एकीलाही बोलावलेलं नव्हतं. मी घरी येऊन आमच्याकडं कायम कामाला येणाऱ्या मावशींना हे सांगितलं तर त्या सरळ म्हणाल्या, "आम्हले कोन बलावस ट्रेनिंगले?" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही आणि ही पोस्टसुद्धा त्याच्यामुळंच लिहितेय.

तिथं आम्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच गोष्टी सांगितल्या, २०१२ मधे त्यांनी खास फळं-भाजीपाला पिकवणाऱ्यांसाठी काढल्यात. स्वतःची स्वच्छता, वावरात जनावरांची घाण येऊ न देणं, शेणखत नीट कुजवूनच घालणं, पाणी कुठून येतं आणि त्यात काय मिसळतं ते ओळखणं, आणि तोडणीची, साठवणीची भांडी-क्रेट स्वच्छ आणि कोरडे ठेवणं. ऐकायला एकदम साधं. पण पहिलीच गोष्ट घ्या, स्वतःची स्वच्छता. वावरात बाईनं जायचं कुठं आणि येऊन हात धुवायचे कशानं? नाल्याकडं जाऊन येतात, हात मातीला नाहीतर पदराला पुसतात आणि परत जुडी हातात घेतात. यात त्यांचा काय दोष? आम्ही मालक लोकांनी साबणाची वडीसुद्धा कधी ठेवली नाही, आणि मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत पाण्याचा एकच हंडा असतो तो प्यायला पुरवायचा की हात धुवायला. ज्या बाईचं पोट बिघडलंय ती दिवसाची मजुरी, म्हणजे रोज, बुडेल म्हणून सांगत नाही, कामाला येतेच. सांगितलं तर रोज कापणार नाही असा शब्द दिल्याशिवाय ती कधीच सांगणार नाही. आम्ही आता दिलाय तो शब्द. तिला त्या दिवशी निंदणीला लावतो किंवा ठिबकच्या नळ्या गोळा करायला, फक्त काढलेल्या मालाला हात लावायचा नाही.

कोणी म्हणेल भाजी शिजवूनच खातो, एवढं काय. मग मला सांगा आपण भरीत कसं खातो? वांगं काट्यांच्या जाळावर भाजलं, ठीक, त्यातलं सगळं मेलं. पण त्यात पातीचा कांदा कच्चा, कोथिंबीर कच्ची, सोबत मुळा-काकडी कच्ची आणि कळण्याची भाकर. थंडीत वावरावावरात भरीत पार्ट्या होतात, लहान लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत पंगत बसते, आणि ती पात बऱ्याचदा तिथंच हौदात धुऊन लगेच चिरतात. आपल्या खान्देशात हिरवं कच्चं खाणं काही कमी नाही.

आणि मेथीवाल्यांनी तर ही गोष्ट ऐकाच. २०११ मधे जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासच्या वर माणसं गेली. सुरुवातीला संशय स्पेनच्या काकड्यांवर घेतला, तिथल्या शेतकऱ्यांचा माल पडून सडला, आणि नंतर कळलं की काकडीचा संबंधच नव्हता, मोड आलेल्या कडधान्यांतून आलं होतं आणि माग निघाला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. मेथीचं बी! हे ऐकलं तेव्हा मला दोन गोष्टी एकदम जाणवल्या. एक म्हणजे एवढीशी वस्तू कुठल्या कुठं माणूस मारू शकते. आणि दुसरी, त्या काकडीवाल्यांकडं आपलं पाणी आणि आपला माल चांगला आहे हे हातोहात दाखवायला काही असतं तर कदाचित थोडं तरी वाचलं असतं. नोंद ठेवा नोंद ठेवा असं ट्रेनिंगमधे सारखं का सांगतात ते मला तिथं कळलं. आता आमच्याकडं खिळ्याला एक वही लटकवलीय, कधी काय फवारलं, कधी तोडलं, कोणत्या मार्केटला गेलं, मुलगी लिहिते.

फवारणीचं पण बोलते. औषधाच्या डब्यावर तो चौकोन असतो ना, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, तो बहुतेकांना माहीत आहे. पण आतली जी घडी घातलेली चिठ्ठी असते, बारीक अक्षराची, ती आम्ही डबा फोडला की फेकून द्यायचो. त्यात लिहिलेलं असतं कोणत्या पिकाला चालतं आणि फवारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं. आता गंमत नाही, हिशोब बघा, मेथी पंचवीस-तीस दिवसांचं पीक, आणि एखाद्या औषधाचा थांबायचा काळ पंधरा दिवसांचा असेल तर अर्धं आयुष्य त्यातच गेलं. त्यातून मेथी-कोथिंबिरीसाठी लेबलवर नाव असलेली औषधं अगदी मोजकी आहेत, दुकानदार देतो ते कापसाचं नाहीतर मिरचीचं असतं आणि आपण पालेभाजीवर मारतो. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला तर भाजीपाल्यावर किती वर्षांपासून बंदी आहे, तरी मी स्वतः लोकांना विचारताना ऐकलंय. दुकानात एवढंच विचारा, या चिठ्ठीत माझ्या पिकाचं नाव दाखव. नसेल तर घेऊ नका.

शेणखताच्या बाबतीत मात्र आपले जुने लोक बरोबर होते असं मला वाटतं. आमचे आबा म्हणायचे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत खत वावरात पडलंच पाहिजे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं शेणखत घातल्यापासून मातीला लागणारं पीक काढेपर्यंत १२० दिवस जावे लागतात. आखाजीला टाकलेलं खत आणि दिवाळीनंतरची मेथी, सहा-सात महिने होतात, म्हणजे आपोआपच बसतं त्यात. चुकतं कुठं, तर आता वर्षभर मेथी घेतो आणि दोन पिकांच्या मधे उकिरड्यावरचं ओलं शेण ट्रॉलीनं आणून पसरवतो, तिथं. ढीग लावून कुजवायचं तर आतली उष्णता ५५ अंशांच्या वर पंधरा दिवस राहिली पाहिजे आणि तेवढ्यात पाच वेळा ढीग पालटायला हवा, तेव्हा त्यातले जंतू मरतात. मेहनतीचं काम आहे, खरंय.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. आमच्याच जिल्ह्यात रावेर-यावलकडं आखाती देशांत जाणाऱ्या केळीचं पॅकिंग बघितलं मी. घड जमिनीला टेकू देत नाहीत, फण्या तुरटीच्या पाण्यात धुतात, डोक्याला टोप्या, खोक्यावर नंबर म्हणजे कोणत्या बागेतलं ते शोधता येतं. का? तर घेणारा विचारतो म्हणून. आणि आपल्याच अमळनेरच्या, धुळ्याच्या बाजारात जी कोथिंबीर जाते तिचं कोणी काहीच विचारत नाही. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे, त्याच्या कलम १८ मधेच लिहिलंय की शेतकरी आणि त्याच्या शेतावरचा माल याला हा कायदा लागू नाही. ते बरंच आहे, नाहीतर लायसनसाठी अजून एका ऑफिसच्या चकरा सुरू झाल्या असत्या. पण मग आपल्यालाच विचारायला हवं ना स्वतःला. दुबईतल्या लेकराला धुतलेली केळी आणि आपल्या लेकराला म्हशीच्या हौदातली कोथिंबीर, हे मला सहन होत नाही, स्पष्टच सांगते.

आम्ही काय केलं ते सांगते, फार खर्च नाही आला. हौद म्हशींसाठीच ठेवला. बोअरच्या पाण्याची बाटली भरून बघितली, ती काळी झाली नाही, म्हणून बोअरवरून सरळ नळी घेतली आणि दोन प्लास्टिकचे टब आणले. पहिल्यात माती काढायची. दुसऱ्यात क्लोरीनचं पाणी, पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर लिटरला दोन मिली म्हणजे १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग क्लोरीन) होतं, त्यात एक-दोन मिनिटं, मग साध्या चांगल्या पाण्यानं परत एकदा. माती आधी काढायची हे महत्त्वाचं, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्च होऊन जातं आणि आपल्याला वाटतं की औषध टाकलंय. गोणपाट बंद केले, क्रेट घेतले, रोज धुऊन उन्हात पालथे घालतो, खान्देशात उन्हाची काय कमी. आणि बांधावर बाभळीखाली नळाचा वीस लिटरचा कॅन आणि जाळीच्या पिशवीत साबण टांगलाय. पहिल्या आठवड्यात साबण दोनदा गायब झाला. मी काही बोलले नाही, तिसरा लावला, तो आहे अजून.

कुठं विचारायचं म्हणाल तर कृषी विज्ञान केंद्रं आहेत, जळगावला ममुराबाद आणि रावेर तालुक्यात पाल, धुळ्याला आहे, नंदुरबारला कोळद्याला आहे. किसान कॉल सेंटरचा टोल फ्री १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात. पाण्याच्या बाटलीसाठी आधी ग्रामपंचायतीत विचारा, जलजीवन मिशनमधे गावोगावी पाच बायांना पाणी तपासायला शिकवलंय, तुमच्याही गावात असतील, नळाचं पाणी तपासतात तर वावरातलंही तपासून देतील. आणि कुठलंही केंद्र ट्रेनिंग ठेवत असेल तर त्यांना माझं एकच हात जोडून मागणं आहे, हॉलमधे नका घेऊ. तोडणीच्या वेळेला बांधावर या, अर्धा तास पुरे, अहिराणीत बोला, आणि बायांचा त्या अर्ध्या तासाचा रोज कापू नका असं मालकाला आधीच सांगा.

आमच्याकडं मी तेच केलं, माझ्या परीनं. हौदाची काळी बाटली आणि बोअरची पिवळी बाटली बांधावर शेजारी शेजारी ठेवली आणि मावशींना म्हटलं बघा. भाषण करावं लागलं नाही. मावशी बराच वेळ ती काळी बाटली हातात फिरवून बघत होत्या, मग म्हणाल्या, आमच्या वस्तीवरच्या हापशाचं पाणी यात भरून बघायचं असेल तर अजून एक बाटली मिळेल का? नातवाला सारखी जुलाबाची तक्रार असते. काल संध्याकाळी दिली त्यांना. त्यांच्या घरी देवळीत ठेवलीय, उद्या कळेल.