पाट्यावाल्या काकांनी वाचलेलं चित्र

मी टूर मॅनेजर. लंडनच्या नॅशनल गॅलरीत माझा रूट ठरलेला असतो. व्हॅन गॉगची सूर्यफुलं, फोटो, स्वच्छतागृह, कोच. पाऊण तासात चाळीस माणसं! त्या दिवशी सूर्यफुलांपुढे ही गर्दी, म्हणून ग्रुपला फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या चित्राशी थांबवलं आणि पाठ केलेलं सुरू केलं. १८६९चा उन्हाळा, पॅरिसजवळ सेन नदीवरचं ला ग्रनुइयेर, म्हणजे बेडकांचं डबकं. शहरातले लोक इथे पोहायला यायचे. मोने आणि रेन्वार, दोघे चित्रकार मित्र शेजारी शेजारी बसून अगदी निवांत रंगवत होते...

"निवांत न्हाई," मागून आवाज आला.

सांगलीचे काका. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आल्यावर ब्रश ठेवला. आठ दिवसांत जेवणाशिवाय कशावर बोलले नव्हते.

"ह्ये बघा." पाण्यावरच्या पट्ट्यांकडे बोट. "चपटा ब्रश हाय. एक फटका, की एक लाट. दुसरा हात फिरवलेलाच न्हाई. आन् हितं खालचा रंग वाळायच्या आत वरचा मारलाय, म्हणून कडेला दोन्ही मिसळल्यात. ऊन पळत असणार, गडी घाईत हुता."

लाकडी फळीवरच्या बायका म्हणजे चार-पाच फटकारे, लांब पोहणाऱ्यांची डोकी म्हणजे नुसते ठिपके. पुढच्या होड्या मात्र ठसठशीत. हे चित्र मी किती वेळा दाखवलं असेल, पण ब्रशचे फटके कधी पाहिलेच नव्हते.

काकांचं नाक चित्राला लागायचं बाकी होतं. गार्डने मागे व्हायला सांगितलं. काका हसून दोन पावलं सरकले, पुन्हा एक पुढे.

गंमत म्हणजे, १८६९च्याच सप्टेंबरात मोनेने आपला मित्र बाझीय याला पत्रात लिहिलं होतं, की ला ग्रनुइयेरच्या मोठ्या चित्राचं स्वप्न आहे, त्यासाठी काही वाईट कच्ची चित्रं केली आहेत. हे मी कधीतरी वाचलं होतं. ग्रुपला सांगायचो नाही, कारण 'वाईट' म्हटलं की लोक पुढे चालू लागतात.

तोवर निम्मा ग्रुप सूर्यफुलांकडे गेला होता. सगळ्यांना गोळा करून कोच गाठायला वीस मिनिटं उशीर, ड्रायव्हर तापलेला. माझ्या शेजारच्या सीटवर काका.

"मॅनेजर, किती नंबरचा ब्रश असंल हो त्यो?"