चार्ज नीट दिला तरच वेळेवर घरी

बाळंतपणाच्या रजेवरून अतिदक्षता विभागात परत रुजू झाले तेव्हा प्रत्येकाने मला घर कसं सांभाळायचं याचेच सल्ले दिले. लवकर ऊठ, आदल्या रात्री तयारी करून ठेव, सासूबाईंना विश्वासात घे. सल्ले वाईट नव्हते, पण माझी ओढाताण घरात होतच नव्हती. ती व्हायची ड्यूटी संपताना, पुढच्या सिस्टरला चार्ज देताना, म्हणजे पेशंटची सगळी माहिती तिच्याकडे सोपवताना. ड्यूटी दोनला संपायची आणि मी विभागातून बाहेर पडेपर्यंत तीन वाजायचे.

आमचा चार्ज म्हणजे ज्याला जे आठवेल ते. मध्येच कुणी विचारणार, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) कधी घातली? मग केसपेपर उलटायचा. तेवढ्यात मॉनिटर वाजणार, बोलणं तिथेच तुटणार. घरी पोचून बाळाला घेतलं की फोन: "ताई, सहा नंबर बेडचं रक्त पोटॅशियमच्या तपासणीला पाठवलं होतं ना?" पाठवलेलं असायचं, फक्त सांगायचं राहून जायचं.

पेशंटची माहिती ठरावीक क्रमाने सांगायची एसबार ही पद्धत मी प्रशिक्षणात शिकले होते: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. मुळात ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कैसर पर्मनंटे या संस्थेतल्या मंडळींनी ती आरोग्यसेवेत आणली. पण इन्चार्ज सिस्टरना मी दाखवला तो दुसराच अभ्यास. चार्ज देण्याच्या आय-पास नावाच्या पद्धतीवरचा, २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेला. नऊ रुग्णालयांतल्या बालरोग विभागांच्या निवासी डॉक्टरांनी ठरावीक क्रमाने चार्ज द्यायला सुरुवात केल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले. इन्चार्ज सिस्टरनी हे आकडे ऐकून घेतले, पण त्या थांबल्या पुढच्या वाक्यावर: चार्जला लागणारा वेळ वाढला नाही. "बघू करून," म्हणाल्या.

आता चार्ज साधारण असा जातो. "चार नंबर, न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर तिसरा दिवस. ऑक्सिजन सकाळी चाळीस टक्क्यांवर होता, आता साठवर आहे. बीपीसाठी नॉरॲड वाढवावं लागलंय, लघवी दोन तासांपासून कमी. डॉक्टरांना कळवलंय. चारला एबीजी करायचा, तोवर लघवी वाढली नाही तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा." (नॉरॲड हे बीपी वाढवणारं औषध, एबीजी ही रक्तातल्या ऑक्सिजनची वगैरे तपासणी.) चार्ज घेणारीने हे स्वतःच्या शब्दांत परत म्हणायचं. सुरुवातीला सगळ्यांना ते शाळेसारखं वाटलं. पण राहिलेलं नेमकं तिथेच सापडतं, आणि तेव्हा मी समोर उभी असते, घरी नसते.

विरोध झालाच. सगळ्यांत सीनियर सिस्टर म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही काय पेशंट मारले का?" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच विचारलं, नाइटला आल्या आल्या तुम्हाला काय माहीत असायला हवं? त्या म्हणाल्या, नातेवाइकांना डॉक्टरांनी काय सांगितलंय ते. रात्री अकराला मुलगा येऊन विचारतो तेव्हा एक बोलायचं आणि सकाळी डॉक्टरांनी दुसरंच सांगितलेलं असायचं, हे त्यांनी कितीदा सोसलं होतं. चार्जसाठी केलेल्या कागदावरचा तो रकाना त्यांचा. अख्ख्या कागदावर सगळ्यांत उपयोगाचा तोच आहे असं माझं मत.

रोस्टरचं प्रकरण मात्र जड गेलं. बाळ लहान, तेव्हा नाइट माफ करून घे, असं दोघीतिघींनी सुचवलं. पण माझी नाइट कुणाच्या तरी वाट्याला जाणार होती, आणि ती कायम बिनलग्नाच्या मुलींच्याच वाट्याला जायची: "तुला काय, घरी कोण वाट बघतंय?" त्यातल्या एकीच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. घरी कोण आहे हे कुणी तिला धड विचारलंच नव्हतं. म्हणून मी नाइट कमी मागितल्या नाहीत. सलग द्या आणि महिनाभर आधी सांगा, एवढंच मागितलं. तिने डायलिसिसचे दिवस आधी लिहायला सुरुवात केली. आधी मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट असा क्रम ठेवायचंही ठरलं. शरीराचं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांहून जरासं लांबच असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं अलीकडे ओढण्यापेक्षा सोपं जातं.

दूध काढायला वीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ शेजारची सिस्टर माझे पेशंट बघायची, तिच्या जेवणाच्या वेळी मी तिचे. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, त्यामुळे तिकडची घाई नव्हती. खरी अडचण राऊंडची. रेसिडेंट डॉक्टरांना सरळ सांगितलं, अकरा ते अकरा वीस मी नसेन, माझ्या बेडचं काही विचारायचं असेल तर आधी विचारा. ते जरा अवघडले, पण मग राऊंड माझ्याच बेडपासून सुरू करू लागले. हे आधी बोलून टाकणं मला नंतर फार कामी आलं, डोसबद्दल शंका आली तरी आता "सर, एकदा परत बघता का?" म्हणताना जीभ अडखळत नाही.

घरी ठरवायला त्या मानाने थोडंच होतं. रोस्टर फ्रिजवर लावलं. नाइटहून आल्यावर दुपारपर्यंत बाळ नवऱ्याकडे, आणि नाइटहून येताना मी गाडी चालवायची नाही, तो न्यायला येतो. दिवसाढवळ्या सून झोपते हे सासूबाईंच्या पचनी पडायला वेळ लागला. अजून पूर्ण पडलंय असं नाही.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर बोलवायचं कुणाला? आत्ता जी फोन उचलते तिलाच यावं लागतं, त्यामुळे काहीजणी उचलतच नाहीत. आळीपाळीने एकेकीने राखीव राहायचं, आणि बोलावलं तर बदली सुट्टी हक्काने मिळायची, असा प्रस्ताव इन्चार्ज सिस्टरनी वर पाठवलाय. मी माझं नाव मंगळवारी लिहिलंय, त्या दिवशी नवरा घरून काम करतो.