घुमट उतरवले

शनिवार, रात्र

आषाढ सरत आला. पावसाने आज दिवसभर उसंत दिली नाही, तरी संध्याकाळी खुंटीवरचे घुमट, आमचे गोव्याचे कातडे चढवलेल्या मडक्याचे वाद्य, उतरवले. गणेशचवथीला सव्वा महिना उरला आहे आणि वाड्यावरच्या आरत्यांची तालीम बुधवारपासून बसणार.

ओलीने चामडे सैल पडले होते. थाप मारली तर भिजल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखी. लेकीने शेगडीत निखारे केले, मी घुमट धगीवर धरून हळूहळू फिरवत राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी टिचकी मारली आणि खोलीभर आवाज घुमला. आई आतून म्हणाली, "आला गो, आता खरा आवाज आला!"

बाबांच्या तरुणपणी घुमटावर घोरपडीचे कातडे असायचे. घोरपड मारायला बंदी आली आणि बकऱ्याचे कातडे चढले. जुनी मंडळी हळहळतात, पूर्वीचा नाद गेला म्हणतात. मला ते पटत नाही. उजवा हात कातड्यावर पडतो खरा, पण घुमट बोलते ते डाव्या हाताने. मागचे अरुंद तोंड तळव्याने केव्हा झाकायचे, केव्हा सोडायचे, तिथेच सगळे आहे. बाबांचा तो तळवा मला अजून दिसतो. माझा अजून घाई करतो.

२०१९ साली घुमटाला गोवा राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला तेव्हा फार बरे वाटले होते. पण वाद्य टिकते ते तालमीत. शामेळवाला (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य), कासाळेवाला (झांजा) आणि चार घुमटे एका लयीत यायला पंधरा-पंधरा रात्री जातात. आरत्या मराठी, मधले बोलणे कोंकणी, आणि मध्येच कुणाच्या तरी घरून चहा-भजी.

चवथीआधी, पुढच्या आठवड्यात, वास्कोचा सप्ताह. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामबाबाच्या, म्हणजे दामोदराच्या, देवळात भजन सुरू होते ते अखंड २४ तास, आणि रात्री गावातल्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, वाजत-गाजत येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीने गाव हैराण झाले, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले, त्यातून हे उभे राहिले. पहाटे तीनच्या सुमारास गर्दी ओसरते, गळे बसलेले असतात, पखवाज मात्र थकत नाही. मला ती वेळ ऐकायची आहे. यंदा रात्रभर थांबणार.

डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरेल, तेही बघेन. पण ते नंतरचे.

लेकीने झोपण्यापूर्वी विचारले, "बाबा, बुधवारी मीपण बसू?" माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर मुली घुमटाला बसत नसत. आता बायकांची पथके स्पर्धेत उतरतात आणि दणक्यात वाजवतात. "बस," म्हटले. तिचा हात लहान आहे, हे घुमट तिला पेलणार नाही. उद्या डिचोलीला जाऊन कुंभाराकडे लहान मडके मिळते का बघतो.