‘उदासीन होईपर्यंत धुवावे’ : ग्राफिन ऑक्साइड धुताना गेलेले नऊ दिवस

ग्राफिन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा; ग्राफाइटवर आम्लांची प्रक्रिया करून मिळतं ते ग्राफिन ऑक्साइड. त्याच्या कुठल्याही कृतीत शेवटी एक ओळ असतेच : ‘मिश्रण उदासीन (म्हणजे आम्लही नाही, अल्कलीही नाही, पीएच 7) होईपर्यंत पाण्याने धुवावे.’ ह्या ओळीपायी बेळगावच्या ऐन पावसात आमचे नऊ दिवस आणि एक अख्खा घाणा वाया गेला. ओळ चुकीची आहे. ती कुठे चुकते ते लिहून ठेवतो, म्हणजे इथल्या कॉलेजात लिथियम-आयन सेलवर प्रोजेक्ट करणाऱ्यांना पुन्हा तेच भोगावं लागणार नाही.

सेलच्या ऋण टोकासाठी करायची होती मोलिब्डेनम डायसल्फाइड आणि ग्राफिनची अ‍ॅनोड. नेहमीच्या ग्राफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅमला 372 मिलीअँपिअर-तास, मोलिब्डेनम डायसल्फाइडची सुमारे 670. त्याच्या थरांत अंतरही जास्त, 0.62 नॅनोमीटर, ग्राफाइटमध्ये 0.335. पण ते वीज नीट वाहून नेत नाही आणि चार्ज-डिस्चार्जमध्ये फुगून तुटतं. म्हणून ते ग्राफिनच्या पापुद्र्यांवरच वाढवायचं, आणि त्यासाठी आधी ग्राफिन ऑक्साइड बनवायचं.

ऑक्साइड बनवण्यात अडचण आली नाही. 1 ग्रॅम ग्राफाइट, 120 मिली सल्फ्युरिक आणि 13 मिली फॉस्फोरिक आम्ल, 6 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. 50 अंशांवर 12 तास ढवळणं. मग साधारण 130 ग्रॅम बर्फावर ओतून 1 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड. रंग पिवळाधमक झाला की झालं. परमँगनेट मात्र चिमूट चिमूट घाला आणि थर्मामीटर आतच ठेवा. 55 अंशांच्या वर त्यातलं मँगनीज हेप्टॉक्साइड स्फोट करतं.

आता धुणं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत वाटतं की हे काय, तासाभराचं काम! सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवून गाळ बसवणारं यंत्र) मिनिटाला 4000 फेऱ्यांवर गाळ झटकन खाली बसतो, वर स्वच्छ पाणी. तो बसतो आम्ल आणि क्षार भरपूर असल्यामुळे; त्यांच्यामुळे पापुद्र्यांवरचे विद्युतभार झाकले जातात. पाण्याने आम्ल कमी होत गेलं की हे भार उघडे पडतात, पापुद्रे एकमेकांना ढकलतात, मध्ये पाणी शिरतं आणि नळीत खळीसारखा लगदा तयार होतो. मग अर्धा तास फिरवा, तासभर फिरवा, वरचं पाणी तपकिरीच राहतं. ते ओतून दिलंत तर मालच ओतून दिलात. त्यात वीज गेली की सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडत नाही आणि उघडेपर्यंत बसलेला थर परत वर आलेला असतो.

आम्ही तिथे दुसरी चूक केली. डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून बोअरचं पाणी घातलं आणि गाळ एकदम सुरेख बसला. सुटलो असं वाटलं. प्रत्यक्षात जड पाण्यातल्या कॅल्शियमने पापुद्रे एकमेकांना बांधले होते. तो घाणा टाकावाच लागला.

तिसरा चकवा पीएच-कागदाचा. संध्याकाळी 5 दाखवतो, सकाळी त्याच नळीत 3. थरांच्या आत अडकलेलं आम्ल सावकाश बाहेर येत असतं. आणि सगळं बाहेर आलं तरी 7 येणारच नाही, कारण ग्राफिन ऑक्साइड स्वतःच आम्लधर्मी आहे. म्हणजे ‘उदासीन’ हे गाठायचं ठिकाणच नाही. थांबायचं कधी ते दुसऱ्या खुणेवर ठरवायचं : वरचं नितळ पाणी वेगळं काढून त्यात बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाका. पांढरा गढूळपणा आला तर सल्फेट अजून आहे. पाणी तपकिरी असेल तर ही चाचणी करू नका, बेरियममुळे ऑक्साइडच गोळा होतं आणि फसायला होतं.

शेवटी जमलं ते असं. आधी पाणी लावायचंच नाही. एक भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, नऊ भाग डिस्टिल्ड पाणी, ह्याने तीनदा धुवायचं. मँगनीज आणि पोटॅशियम आम्लातच निघतात आणि लगदाही होत नाही. पोटॅशियमचे क्षार राहिले तर वाळलेलं ऑक्साइड ठिणगीने भुर्रकन पेटतं, तेव्हा ही पायरी गाळू नका. मग सेंट्रिफ्यूज सोडून माल डायलिसिसच्या, म्हणजे क्षार बाहेर जाऊ देणाऱ्या पण पापुद्रे आत ठेवणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत भरायचा, 12 ते 14 हजार डाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). पिशवी अर्धीच भरा, आत पाणी शिरून ती फुगते. बाहेरचं डिस्टिल्ड पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. आठवडा लागतो, पण माणसाला बसून राहावं लागत नाही. बारा तासांनंतरही बाहेरच्या पाण्याची वाहकता ताज्या पाण्याइतकीच राहिली की थांबा. लवकर व्हावं म्हणून अ‍ॅसिटोन वापरायचं सुचवतात. पेरॉक्साइड आणि आम्ल उरलेल्या मालात अ‍ॅसिटोन अजिबात नको, स्फोटक पदार्थ तयार होतो.

धुतलेलं ऑक्साइड ओव्हनमध्ये वाळवू नका. पापुद्रे एकावर एक चिकटून कडक पापड होतो आणि ज्या पृष्ठभागासाठी एवढा खटाटोप केला तोच जातो. ओलंच बाटलीत ठेवा. किती आहे ते कळायला 5 मिली बाजूला काढून तेवढंच 60 अंशांवर वाळवून वजन करा.

पुढचं सरळ आहे. सोडियम मोलिब्डेट आणि थायोयुरिया ऑक्साइडच्या ह्या ओल्या मालात मिसळून टेफ्लॉनच्या अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणारं बंद भांडं) 200 अंशांवर 24 तास. भांडं पाऊण भागापेक्षा जास्त भरू नका. नंतर गोठवून, फ्रीझ-ड्रायरमध्ये वाळवून, आर्गॉनमध्ये तापवणं. लेप 80:10:10, म्हणजे सक्रिय पदार्थ, कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी काजळी) आणि एनएमपी ह्या द्रावकात विरघळवलेलं पीव्हीडीएफ (चिकटवणारं प्लास्टिक). आपल्याकडच्या पावसात एनएमपीची बाटली उघडी राहिली की ते हवेतली ओल ओढतं आणि लेप दह्यासारखा फुटतो. तांब्याच्या पत्र्यावर लावलेला लेप 120 अंशांवर निर्वातात रात्रभर हवाच. ओल राहिली तर इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटपासून हायड्रोफ्लुओरिक आम्ल होतं.

चकत्या कापायला 12 मिमीचा पंच बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूममध्ये करून घेता येतो. कडेला बर (कापताना उरलेली धारदार कड) राहता कामा नये, ती सेपरेटर, म्हणजे सेलमधल्या दोन टोकांमधला पडदा फाडते.

वजनाचं आधीच सांगायला हवं होतं. 9 मायक्रॉन तांब्याची 12 मिमीची चकती साधारण 9 मिलिग्रॅम भरते आणि तिच्यावरचा लेप जेमतेम 1 मिलिग्रॅम. 0.1 मिलिग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या तराजूवर क्षमतेचा आकडा सहज दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. 0.01 दाखवणारा तराजू शोधा, आणि त्याच पत्र्याच्या पाच कोऱ्या चकत्यांची सरासरी वजा करा.